गुण किती नव्हे, गुण कोणते?

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. शिक्षक प्रगतिपुस्तकात लिहितात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. तरीही या दोहोंची गल्लत आपण सहसा करीत नाही. मुलगा परीक्षा देऊन आला की बाप विचारतो, "किती गुण पडले?" तोच बाप मुलीसाठी स्थळ पाहायला जातो तेव्हा विचारतो, "मुलाचे गुण कसे आहेत?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते. दुसऱ्यासाठी माणूस पाहावा लागतो, शेजारीपाजारी विचारपूस करावी लागते आणि मध्ये थोडा काळ जाऊ द्यावा लागतो.

वाइनच्या जगाने गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे या दोन अर्थांची राजरोस गल्लत केली आहे आणि त्या गल्लतीवर मोठा व्यापार उभारला आहे. आज कोणतीही नामांकित वाइन घ्या, तिच्याविषयी पहिला प्रश्न येतो तो "शंभरपैकी किती?" हाच. ताज्या, स्वस्त, रोजच्या जेवणासोबतच्या वाइनपुरते हे एकवेळ खपून जाईल. पण फ्रान्समधील सोतेर्नसारख्या गोड वाइनला, तीही तीस, पन्नास, ऐंशी वर्षे बाटलीत राहून पिकलेली, जेव्हा ९३ किंवा ९७ असा आकडा चिकटवला जातो, तेव्हा ते मूल्यमापन राहत नाही. मूल्यमापनाचे कष्ट टाळण्याची ती एक सोयीस्कर वाट ठरते. हेच या लेखात सप्रमाण मांडायचे आहे.

दूरच्या बोर्दो प्रांतातल्या महागड्या बाटलीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या कित्येक घरांत नाताळच्या आधी बेदाण्यांची किंवा काळ्या द्राक्षांची वाइन बरणीत घातली जाते. ती गोड असते, आणि गोड वाइन म्हणजे अडाण्यांची आवड, जाणत्यांनी कोरडीच प्यावी, असे सांगणारे शहाणे आता आपल्या जेवणाच्या मेजापर्यंत येऊन पोहोचले आहेत. आपल्या जिभेला काय रुचावे हे दुसऱ्याने छापलेल्या आकड्यावरून ठरवायचे, की स्वतः लक्ष देऊन चाखून ठरवायचे, हा प्रश्न श्रीमंताच्या तळघरापुरता मर्यादित नाही.

प्रथम ही वाइन काय आहे ते पाहू. बोर्दो शहराच्या आग्नेयेला, गारोन नदीच्या काठी सोतेर्न, बार्साक, बॉम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावे आहेत. सिरों नावाची एक लहान, थंड पाण्याची नदी तेथे गारोनच्या उबदार प्रवाहाला मिळते. शरद ऋतूत या दोन पाण्यांच्या भेटीतून पहाटे धुके उठते, मळ्यांवर पसरते आणि दुपारच्या उन्हात विरते. त्या धुक्याच्या ओलाव्यावर 'बॉट्रायटिस सिनेरिया' नावाची बुरशी पिकल्या द्राक्षांवर वाढते. हीच बुरशी सतत पावसात वाढली तर घड सडवून टाकते. पण सकाळी धुके आणि दुपारी ऊन असा मेळ जमला की ती द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, त्यांतून पाणी उडून जाते, आणि आत साखर, ग्लिसरॉल व नव्याने तयार झालेले सुवास दाट होऊन उरतात. फ्रेंच लोक तिला 'पुरित्युर नोब्ल' म्हणतात. आपण 'उमदी बुरशी' म्हणू.

बुरशी सगळ्या मण्यांना एकाच दिवशी धरत नाही. म्हणून तोडणी करणारे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, कधी त्याही पुढे, त्याच मळ्यात पुनःपुन्हा फेऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरीत सुकून मनुक्यासारखे झालेले तेवढेच मणी खुडतात. कायद्याने सोतेर्नमध्ये हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे अडीच हजार लिटरपर्यंत वाइन काढता येते. या भागातील सर्वांत नामांकित मळा शातो दिकेम येथे सरासरी उत्पन्न त्याच्या निम्म्याहूनही कमी येते. एका वेलीमागे एक पेला, असे इकेमविषयी परंपरेने सांगितले जाते. इतके करूनही ज्या वर्षी मनासारखे साधले नाही, त्या वर्षी इकेमने स्वतःच्या नावाची बाटली काढलीच नाही. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि अलीकडे २०१२ ही ती वर्षे. यांपैकी शेवटचा निर्णय तर मळ्याची मालकी लुर-सालूस घराण्याकडून एका बड्या उद्योगसमूहाकडे गेल्यानंतरचा आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. २०१२ च्या वाइनला इकेमने ७८ किंवा ८१ गुण दिले नाहीत. त्यांनी ती चाखली आणि आपले नाव तिच्यावर घालायचे नाही असे ठरवले. या निर्णयात त्यांचे वर्षभराचे उत्पन्न गेले. मूल्यमापन करणाऱ्याचे स्वतःचे काही पणाला लागले, की त्या मूल्यमापनाला वजन येते. शंभरपैकी आकडा लिहिणाऱ्याचे काय पणाला लागते?

आता ही गुणपद्धती कोठून आली ते पाहिले पाहिजे, आणि तिच्या बाजूने जे बोलता येते तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर या वकिलाने १९७८ साली वाइनविषयी एक नियतकालिक सुरू केले. शंभर गुणांची पद्धत जगभर रूढ झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्याआधी वाइनविषयी लिहिणारे बरेचसे लोक व्यापाराशी या ना त्या नात्याने जोडलेले होते. घराण्याचे नाव मोठे म्हणून वाइन थोर, असा कारभार चाले. बोर्दोची १८५५ ची सुप्रसिद्ध वर्गवारीही अशाच पायावर उभी होती. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी ती अवघ्या काही दिवसांत तयार केली, आणि तिचा आधार होता तो बाजारात मिळत आलेला भाव. त्या यादीत एकट्या इकेमला 'प्रीमिए क्रू सुपेरियर' हे सर्वांहून वरचे स्थान मिळाले. अशा जगात जाहिराती न घेता, सामान्य ग्राहकाच्या बाजूने उभा राहून "ही वाइन चांगली, ही नाही" असे एका आकड्यात सांगणारा माणूस अनेकांना मुक्तिदाता वाटला, यात नवल नाही. आकड्यापेक्षा सोबतचे वर्णन वाचावे, असेही पार्कर यांनी स्वतःच बजावले होते. २०१९ साली ते निवृत्त झाले. त्यांचा आकडा मात्र निवृत्त झाला नाही. वर्णन गळून पडले आणि दुकानाच्या फळीवर, लिलावाच्या यादीत आकडा तेवढा राहिला.

त्या आकड्याची घडण उलगडून पाहिली तर आश्चर्य वाटते. पन्नास गुण प्रत्येक वाइनला आरंभीच मिळतात. रंगरूपाला पाच, सुवासाला पंधरा, चव आणि चवीचा शेवट यांना वीस, आणि एकूण दर्जा अथवा पुढे सुधारत जाण्याची क्षमता यांना दहा. म्हणजे शंभरपैकी निम्मे दान आणि निम्मी परीक्षा. त्यातही शेवटचे दहा गुण पाहा. साठ वर्षांची पिकलेली वाइन समोर आहे. तिने जे व्हायचे ते होऊन दाखवले आहे. तिला "पुढे सुधारण्याच्या क्षमते"चे गुण द्यायचे म्हणजे आजोबांना शाळाप्रवेशाच्या रांगेत उभे करायचे!

दुसरा आक्षेप अचूकतेचा. ९२ आणि ९४ यांत फरक करता येतो, असे ही पद्धत गृहीत धरते. माणसाच्या जिभेला तो करता येतो का? कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन यांनी तेथील राज्य जत्रेच्या वाइनस्पर्धेत याची परीक्षा घेतली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली गेली. तिन्ही वेळा जवळजवळ सारखाच निर्णय देणारे, म्हणजे तिला एकाच पदकाच्या कक्षेत ठेवणारे परीक्षक निघाले दहातून सुमारे एक. ही अनुभवी माणसे होती. तरीही त्यांचा तराजू एवढा हलत होता. ज्या तराजूत किलोचा फरक कळत नाही, त्यात गुंजांचा हिशेब मांडणे याला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप खुद्द बोर्दोतूनच आला आहे. २००१ साली जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि दनी द्युबुर्दिय यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या सुवासाचे वर्णन करताना लाल वाइनचे शब्द वापरले. डोळ्याने नाकाला फसवले. या प्रयोगाचा दाखला देऊन "वाइन चाखणे हे सगळे थोतांड आहे" असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. प्रयोग करणाऱ्यांपैकी द्युबुर्दिय हे स्वतः बार्साकचे. त्यांच्या घराण्याचा शातो द्वाझी-दाएन हा गोड वाइनचा मळा आहे, आणि २०१६ साली निधन होईपर्यंत ते वाइन चाखत आणि घडवत राहिले. आपल्या इंद्रियांच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या, म्हणूनच ते सावधपणे चाखत असणार. साक्षीदार चुकू शकतो म्हणून कोणी न्यायालय बंद करीत नाही. त्याची उलटतपासणी करतात. आकड्याची उलटतपासणी करता येत नाही, हाच त्याचा मोठा दोष आहे. "मला जर्दाळूचा वास आला" असे कोणी म्हटले, तर आपण पेला नाकाशी नेऊन पडताळू शकतो. "मला ९४ वाटले" यावर काय बोलणार?

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो काळाचा आहे. इकेमच्या २००१ च्या वाइनला पार्कर यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले ते ती अगदी कोवळी असताना. आयुष्य शंभर वर्षांचे आणि निकाल पाळण्यात! बोर्दोत तर आदल्या शरदात तोडलेल्या द्राक्षांची वाइन अजून पिंपात असतानाच पुढच्या वसंतात समीक्षक ती चाखतात, गुण देतात आणि त्यावर भाव ठरतात. पुढे ती बाटलीत किती बदलते! फिकट सोनेरी रंग गडद होत होत तांबूस होतो, मग काकवीसारखा. आरंभी जर्दाळू, संत्र्याची साल, मध असे वास येतात. दशके लोटली की त्यांच्या जागी केशर, सुके अंजीर, करपवलेली साखर, अक्रोड असे खोल वास उमटू लागतात. साखर मोजली तर तेवढीच असते, तरी जिभेला गोडी कमी झाल्यासारखी वाटते. जुन्या बाटल्यांची तर आणखी एक गोष्ट आहे. एकाच वर्षाच्या, एकाच मळ्याच्या दोन बाटल्या पन्नास वर्षांनी सारख्या राहत नाहीत. एकीचे बूच घट्ट राहिले, दुसरीचे सैल पडले; एक थंड तळघरात निजली, दुसरी तीन समुद्र ओलांडून आली. मग तो छापील आकडा नेमका कोणत्या बाटलीचा?

साखरेचा विषय निघालाच आहे, तर गोड वाइनला हिणवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगू. सोतेर्नमध्ये लिटरमागे साधारण १०० ते १५० ग्रॅम साखर असते. बाटलीबंद कोलापेयातही लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर असते. दोहोंचा हा आकडा जवळजवळ सारखा. पण एक प्यायल्यावर जीभ चिकट होते आणि दुसरी प्यायल्यावर तोंड स्वच्छ होऊन पुन्हा पाणी सुटते. हा फरक आम्लाचा, बुरशीने दिलेल्या किंचित कडवट झाकेचा आणि पिंपाच्या लाकडाचा. गोडी किती हे मोजता येते. गोडीला तोलून धरणारे काय आहे, ते चाखूनच कळते.

या सगळ्या गुणबाजीने नुकसान कोणाचे होते? शंभर गुणांची बाटली पिण्याची वस्तू राहत नाही, ठेव होते. इकेमची १८११ ची, म्हणजे त्या प्रसिद्ध धूमकेतूच्या वर्षाची एक बाटली २०११ साली लंडनमध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली आणि बाली बेटावरील एका उपाहारगृहात काचेआड ठेवण्यासाठी म्हणून घेतली गेली. वरच्या टोकाला असे वेड, आणि खालच्या टोकाला? सोतेर्न-बार्साकच्या लहान मळेवाल्यांना तेवढ्याच फेऱ्या घालाव्या लागतात, तेवढेच धुके आणि तेवढाच पाऊस सोसावा लागतो. एप्रिल २०१७ आणि एप्रिल २०२१ च्या हिमकडाक्याने बोर्दोचे कोंब जाळले, तेव्हा त्याने कोणाचे गुण पाहिले नाहीत. पण ज्याच्या नावापुढे ८८ लागले, त्याची बाटली फळीवर पडून राहते. गोड वाइनचे गिऱ्हाईक मुळातच कमी होत आलेले. मग एकेक मळा कोरड्या पांढऱ्या वाइनकडे वळतो. इकेमने १९५९ पासून 'इग्रेक' नावाची कोरडी वाइन काढली, ती हौस आणि जोड म्हणून. इतर अनेक जण आता निरुपायाने त्या वाटेने जात आहेत, आणि त्या कोरड्या वाइनला सोतेर्न हे नावही कायद्याने लावता येत नाही. गावाच्या मातीत पिकलेल्या वस्तूला गावाचे नाव घेता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते?

यावर एक प्रश्न हमखास विचारला जाईल. आकडा नको म्हणता, तर मग सगळ्याच वाइन सारख्या का? जो तो आपल्या आवडीचा राजा? मुळीच नाही. उलट माझे म्हणणे असे की आकडा काढून टाकला की खरी कसोटी सुरू होते. जुनी सोतेर्न समोर आली असता चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, बाटली निरोगी आहे का? वाइनची पातळी मानेच्या खाली किती उतरली आहे, बूच कसे आहे, वासात शिरका किंवा दमट पुठ्ठ्याचा वास तर नाही? दुसरी, तोल आहे का? गोडी पुढे धावते आहे, की आम्ल तिला हात धरून चालवते आहे? तिसरी, वयाने काय दिले आणि काय नेले? फळ संपून नुसती करपलेली साखर उरली असेल तर वाइन म्हातारी झाली. फळाच्या मागे नवे वास उभे राहिले असतील तर ती पिकली. चौथी, घोट गिळल्यावर चव किती वेळ राहते? फ्रेंचांनी हे राहणे सेकंदांत मोजण्याची रीत पाडली आहे आणि त्या एककाला 'कोदाली' म्हणतात. या एका बाबतीत आकड्यालाही काही अर्थ आहे, कारण तेथे खरोखर काहीतरी मोजले जाते.

हे सारे एका घोटात होत नाही. एका बैठकीत चाळीस-पन्नास वाइन तोंडात घोळवून थुंकणाऱ्या परीक्षकाला तर ते शक्यच नाही. लागोपाठ गोड वाइनने जीभ लवकर थकते. दहा-बारा अंशांवर थंड केलेली, लहानशा पेल्यात घेतलेली एक बाटली सहा-आठ माणसांत फिरावी. पहिल्या घोटानंतर अर्ध्या तासाने पुन्हा पेला उचलावा. वाइन थोडी उबदार होते, मिटलेले वास उघडतात. आधी जे बोललो ते दुरुस्त करावे लागते. शेजारचा माणूस म्हणतो, "मला इथे सुक्या अंजिराचा वास येतो," आणि मग आपल्यालाही तो येतो, किंवा येत नाही. अशा बोलण्यातून जे हाती लागते त्याला मूल्यमापन म्हणावे. नंतर लिहून ठेवताना कोणते वर्ष, कोणता मळा, बाटली कशी होती, कधी उघडली, हेही लिहावे. साक्षीला दिवस आणि ठिकाण लागते.

आणि ती साक्ष आपल्या शब्दांत द्यावी. इंग्रज-अमेरिकन समीक्षक जुन्या सोतेर्नचे वर्णन करताना क्रेम ब्रुलेचे नाव घेतात, करी मसाल्याचे घेतात, मेपलच्या पाकाचे घेतात. ते वाचून आपल्याकडचा माणूस बुजतो. ज्याने मेपलचा पाक कधी पाहिला नाही त्याने वाइनविषयी बोलायचे तरी कसे? पण त्या वासामागे जे द्रव्य आहे त्याचे नाव सोटोलॉन. उमदी बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये ते असते, आणि तेच द्रव्य मेथीच्या दाण्यांना त्यांचा ओळखीचा वास देते. म्हणजे या थोर फ्रेंच वाइनच्या पोटात लपलेला एक सुगंध आपल्या आयांनी, आज्यांनी फोडणीत आणि लोणच्याच्या मसाल्यात रोज हुंगलेला आहे. तो ओळखण्यासाठी त्यांना कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. हापूस घेताना त्या देठाशी नाक नेतात, बोटाने अलगद दाबतात आणि सांगतात, "हा आज, तो परवा." आंब्याला शंभरपैकी गुण देण्याचे त्यांना कधी सुचले नाही, आणि म्हणून त्यांचा आंबा कधी चुकलाही नाही.

वाइनच्या व्यापाऱ्यांना आकडा हवा असतो, कारण आकडा लवकर वाचता येतो आणि लवकर विकता येतो. त्यांनी तो खुशाल वापरावा. पण त्याला परीक्षण म्हणू नये. आणि ज्याने तो वाचला त्याने पेला उचलण्याआधी विसरून जावा. धुक्याने, बुरशीने, पुनःपुन्हा फेऱ्या घालणाऱ्या हातांनी आणि पन्नास वर्षांच्या अंधाराने मिळून जे केले, त्याला उत्तर म्हणून निदान तासभर लक्ष द्यावे आणि चार खरे शब्द बोलावेत, एवढे तरी त्या घोटाचे देणे आपल्यावर लागते.